कासवांचा अभ्यास करायचाय? आधी वही घ्या, मग पुळणीवर या

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की ओळखीपाळखीच्यांचे निरोप यायला लागतात. पुतणी प्राणिशास्त्र शिकतेय, तिला कासवांवर काम करायचंय. भाच्याला सुट्टी आहे, कुठे पाठवू? माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते ऐकून निम्मे लोक गळतात. पहाटे पाचला उठावं लागेल, वाळूतून चार-पाच किलोमीटर चालावं लागेल, बहुतेक दिवशी काहीच दिसणार नाही, आणि ते ‘काहीच दिसलं नाही’सुद्धा वहीत लिहावं लागेल. पिल्लं हातात घ्यायला मिळतील का? नाही.

एवढं ऐकूनही जे उरतात, त्यांच्यासाठी हा लेख.

कोणतं कासव, आणि कुठलं?

‘कासवांवर काम’ हा विषय होत नाही. कासव समुद्रातलं, गोड्या पाण्यातलं की जमिनीवरचं, हे आधी ठरवा. तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात राहत असाल तर दर शनिवारी कोकण गाठायच्या फंदात पडू नका. आपल्या नद्या-तलावांत पाठीचं कवच मऊ असलेली कासवं आहेत, काळी कासवं आहेत. लीथचं मऊ पाठीचं कासव तर दक्षिण भारतातल्या नद्यांपलीकडे जगात कुठे नाही आणि ते नाहीसं होण्याच्या काठावर आहे. २०२२ साली भारतानेच मागणी लावून धरल्यामुळे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. घाटाच्या पायरीवर दुर्बीण घेऊन बसायचं आणि ऊन खायला दगडावर कोण कोण येतं ते दर रविवारी ठरावीक वेळी मोजायचं, एवढ्यावरही वर्षभराचा चांगला अभ्यास उभा राहतो. डोळ्यामागे लाल पट्टा दिसला तर ते आपल्याकडचं नव्हे. ते अमेरिकेतलं, दुकानातून आणलेलं आणि मोठं झाल्यावर कोणीतरी ‘देवाच्या तळ्यात’ सोडून दिलेलं. तेही मोजा, पण वेगळ्या रकान्यात.

मी काम करतो ते रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, त्यामुळे पुढचं सगळं ऑलिव्ह रिडलेबद्दल आहे. समुद्री कासवांच्या सात जातींपैकी ही आकाराने सर्वांत लहानांत मोडणारी. पूर्ण वाढलेल्या मादीचं कवच साठ-सत्तर सेंटिमीटर, वजन पस्तीस ते पन्नास किलो. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला हजारोंनी एकदम येतात, ती हीच. आपल्याकडे मात्र एकेकटी येते. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत, रात्री, कोणाला न सांगता. त्यामुळे आपलं काम ओडिशातल्या कामाहून वेगळं होतं. तिथे ‘किती?’ हाच मोठा प्रश्न. इथे ‘आली का?’ इथूनच सुरुवात.

परवानगी आधी

सगळी समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कासव, अंडं, पिल्लू, मेलेल्या कासवाचं कवचसुद्धा परवानगीशिवाय हाताळणं गुन्हा आहे. संशोधनासाठी लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयातून घ्यावी लागते. अर्जाला महिने लागू शकतात, तेव्हा हंगाम डिसेंबरात असेल तर कागद पावसाळ्यातच पुढे सरकवा.

पहिल्या हंगामात मात्र तुम्हाला ती परवानगी लागूच नये, असा प्रश्न निवडा. माग मोजायला, भरतीची रेषा टिपायला, किनाऱ्यावर किती दिवे लागतात ते लिहायला कासवाला हात लावावा लागत नाही. वनरक्षकाला आणि गावातल्या कासवमित्राला भेटून ‘मी रोज पहाटे फिरणार आहे’ एवढं सांगून ठेवा. कासवमित्र म्हणजे घरटी शोधून राखणारे गावातलेच लोक. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला हे काम सुरू केलं, मग ते गावोगाव पसरलं, आणि आज वनविभाग नि कांदळवन कक्षाच्या (खारफुटी आणि किनारा सांभाळणारा सरकारी विभाग) देखरेखीखाली ते चालतं. आपण पदवी घेऊन जातो, पण वाळू वाचायची विद्या त्या माणसाकडे आहे. पहिले पंधरा दिवस त्याच्या मागून चाला आणि तोंड बंद ठेवा.

सामान

यादी छोटी आहे. शिवलेली जाड वही, पेन्सिल, कापडी टेप, लाल कागद लावलेली बॅटरी, फोन, पाणी. पेन नको. माझ्या पहिल्या हंगामातली डिसेंबरची अकरा पानं दवाने निळी झाली, आणि त्यातली ‘मागाची रुंदी’ आजही वाचता येत नाही. टेप शिंप्याकडची चालेल, पण दर महिन्याला ती लोखंडी पट्टीशी ताडून पाहा. कापड ताणतं.

फोनमधल्या जीपीएसवर फार विसंबू नका. त्याची चूक सहज चार-पाच मीटरची असते, आणि घरट्याचं तोंड असतं वीतभर. एका वर्षी मी जागेवर राखलेल्या घरट्याची खूण फक्त फोनमध्ये ठेवली. खुणेची काठी उधाणाने नेली. पन्नास दिवसांनी मी आणि कासवमित्र काका त्या पाच मीटरच्या वर्तुळात गुडघ्यांवर रांगत होतो. काका काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी प्रत्येक घरट्याचं अंतर दोन पक्क्या वस्तूंपासून मोजतो: सुरूचं ठरावीक झाड आणि बंधाऱ्याचा कोपरा. दोन अंतरं असली की जागा सापडतेच.

पहाटेची फेरी

उजाडण्याआधी अर्धा तास निघायचं. त्या वेळी प्रकाश तिरपा येतो आणि वाळूतला उंच-सखलपणा सावलीने उठून दिसतो. नऊ वाजता तोच माग सपाट होऊन जातो, शिवाय तोवर क्रिकेट सुरू झालेलं असतं.

भरतीचं गणित पाठ करा. ॲप आहेत, पण कोकणातला जुना हिशोब जास्त उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा आणि अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला बरोबर येत नाही, पण रात्री भरती कधी होऊन गेली हे अंथरुणातून उठतानाच कळतं. त्यावरून माग वाचता येतो.

भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेच्या थोडं वरून चाला, म्हणजे डावीकडे ओली वाळू आणि उजवीकडे मर्यादवेल अशी, किंवा उलट. लांबून पाहिलं तर रात्री कोणीतरी छोटा ट्रॅक्टर नेल्यासारखा पट्टा दिसतो. जवळ जा, पण मागावर पाय ठेवू नका. आता बसा आणि नीट पाहा. दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारख्या खुणा आहेत, आणि डावी-उजवी समोरासमोर नाहीत, एकाआड एक आहेत. रिडले चालते आपल्यासारखी, एक हात पुढे मग दुसरा. हिरवं कासव दोन्ही हात एकदम मारत अंग ढकलतं, म्हणून त्याच्या खुणा समोरासमोर पडतात आणि मधे शेपटीची रेघ उमटते. रिडलेच्या मागाची रुंदी साधारण सत्तर-ऐंशी सेंटिमीटर, हिरव्याची मीटरभर. रुंदी तीन ठिकाणी मोजा, तिन्ही आकडे लिहा. सरासरी घरी काढता येते.

आली कुठून आणि गेली कुठून? हात मागे मारताना वाळू मागे फेकली जाते, म्हणजे ती ज्या दिशेला गेली त्याच्या उलट्या बाजूला वाळूचे ढिगुळके दिसतात. दोन माग एकमेकांना ओलांडत असतील तर वरचा परतीचा.

मला या कामातली सर्वांत आवडती गोष्ट पुढची आहे. दोन्ही मागांची लांबी मोजा. परतीचा माग येतानाच्या मागापेक्षा लांब असेल, तर ती वर असताना पाणी खाली उतरत होतं, म्हणजे ती भरती होऊन गेल्यावर आली. दोन्ही माग एकाच ओल्या रेषेवर कापल्यासारखे संपत असतील, तर भरतीचं पाणी मागाहून येऊन ते पुसून गेलं, म्हणजे ती भरतीच्या आधी येऊन गेली. आता तिथीचा हिशोब जोडा. तुम्ही झोपेत असताना कासव किती वाजता आलं हे तासा-दोन तासांच्या फरकाने तुम्ही सांगू शकता. यासाठी ना यंत्र लागतं ना परवानगी.

मग वरच्या टोकाला काय आहे ते पाहा. वाळू दोनेक मीटर विस्कटलेली आणि मग चोपल्यासारखी असेल तर बहुधा घरटं आहे. अंडी झाकल्यावर रिडले अंग डावी-उजवीकडे डोलवत पोटाने वाळू ठोकते. नुसताच वळसा घालून माग परत गेला असेल तर ती अंडी न घालता फिरली. शास्त्रीय लेखांत त्याला ‘फॉल्स क्रॉल’ म्हणतात, आम्ही वहीत ‘रिकामा फेरा’ लिहितो. रिकामा फेरा घरट्याइतकाच मोलाचा. आसपास बघा: नवीन हॅलोजन? बंधाऱ्याचे दगड? कुत्र्यांचे ठसे? ती का फिरली याचा अंदाज लिहा, पण ‘अंदाज’ असं लिहून मगच लिहा.

काठी खुपसून घरटं शोधायचा मोह आवरा. कासवमित्र काठी टेकवतो तेव्हा वाळू कुठे हलकेच दबते हे त्याला तळहाताला कळतं. आपण खुपसली की अंडं फुटतं.

आणि माग नाहीच दिसला तर? तारीख, निघाल्याची नि परतल्याची वेळ, कुठून कुठपर्यंत, तिथी, वारा, आणि पुढे ‘माग ०’. शून्य लिहायचं. जागा कोरी सोडायची नाही. कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात: कासव आलं नाही, किंवा तुम्ही आला नाहीत. दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही.

अंडी उचलताना तुमचं काम काय

घरट्याला कुत्र्या-कोल्ह्यांचा किंवा उधाणाचा धोका असेल तर कासवमित्र अंडी कुंपणाच्या आत, हॅचरीत हलवतात. तुम्ही वही धरा आणि मोठ्याने मोजा. बहुधा शंभर ते सव्वाशे निघतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, कवच कातडीसारखं दबणारं. घालून झाल्यावर काही तासांतच आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर तो मरतो. म्हणून घाई सकाळचीच, आणि म्हणूनच अंडं ज्या बाजूने वर होतं तसंच उचलायचं आणि तसंच ठेवायचं. नवा खड्डा मूळ घरट्याएवढाच खोल, सुरईच्या आकाराचा: अरुंद गळा, रुंद पोट. मूळ खड्डा मोजायला विसरू नका. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास येतो, पण तुमच्या पुळणीवर किती येतो हे तुम्हीच सांगायचं आहे.

माझं मत विचाराल तर जिथे राखण करता येते तिथे घरटं जागेवरच ठेवावं. हॅचरीने कोकणातली कासवं वाचवली, यात वाद नाही, तेव्हा घरटीच्या घरटी लुटली जात होती. पण सगळी अंडी एकाच उघड्या चौकोनात पुरली की सगळ्यांना एकसारखी ऊब मिळते, आणि ऊब हा इथे साधा मामला नाही.

ऊब

कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यातल्या ऊबेवर ठरतं. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळू एकोणतीस-तीस अंशांच्या वर असेल तर माद्या जास्त, खाली असेल तर नर जास्त. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक जमतात त्या कासव महोत्सवात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, ‘यातला मुलगा कोणता?’ बाहेरून पाहून पिल्लाचं लिंग कोणालाही सांगता येत नाही. सांगणारा भेटलाच तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

नवख्यासाठी हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण तापमान मोजायला घरट्याला हात लावावा लागत नाही. वनविभागाला सांगून तीन ठिकाणी पंचेचाळीस सेंटिमीटर खोल तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पुरा: उघड्या वाळूत, मर्यादवेलीखाली, सुरूच्या सावलीत. तासातासाला नोंद लावा. यंत्रं नसतील तर लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन दिवसातून दोनदा, रोज त्याच वेळी. दुपारी पाय भाजत असताना खाली वाळू किती शांत असते ते पहिल्यांदा पाहिलं की गंमत वाटते. वरचा दिवस-रात्रीचा चढउतार त्या खोलीवर जेमतेम पोचतो. पोचते ती महिन्यांची ऊब. म्हणून डिसेंबरच्या थंडीतल्या घरट्याला पंचावन्न-साठ दिवस लागतात आणि मार्चमधलं पंचेचाळीस-पन्नास दिवसांत उघडतं. महोत्सवाची तारीख आधी पक्की सांगा म्हणून हट्ट धरणाऱ्यांना हे समजावून सांगणं हेही तुमच्याच वाट्याला येणार आहे.

यंत्र घरट्याजवळ पुरलंत तर उबवणीच्या शेवटी आकडे वर चढतील. ती हवामानाची ऊब नव्हे, शंभर वाढणाऱ्या गर्भांची आहे. म्हणून एक यंत्र दूर, रिकाम्या वाळूत हवंच, नाहीतर कशाची कशाशी तुलना करणार?

घरटं उघडल्यावर

पिल्लं समुद्राकडे धावतात कारण रात्री समुद्राकडचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं. रिसॉर्टचा दिवा त्याहून उजळ असेल तर ती रिसॉर्टकडे जातात. म्हणून फ्लॅश नको, फोनचा पडदाही नको. आपल्याकडे जुनी समजूत आहे की कासवी नुसत्या नजरेने पिल्लांचं पोषण करते, आणि कीर्तनात तो दृष्टान्त ऐकताना आजही अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात आई त्या रात्री गेली ती गेलीच. आणि अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून वाहतं ते रडणं नव्हे. खाऱ्या पाण्यासोबत शरीरात आलेलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडतं.

बाहेर येणं थांबल्यावर दोनेक दिवसांनी परवानगी असलेल्या माणसाने घरटं उकरायचं. रिकामी टरफलं, न फळलेली अंडी, आत मेलेली पिल्लं, अडकलेली जिवंत पिल्लं असे वेगळे ढीग. टरफलाचा अर्ध्याहून मोठा तुकडा म्हणजे एक. अंडी ११२ आणि टरफलं ८७ असतील तर सत्याऐंशी भागिले एकशे बारा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास. वास येतो. नाकाला रुमाल बांधा, पण मोजणी दोघांनी वेगवेगळी करा. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा.

किनाऱ्याला लागलेलं कासव

पावसाळ्यात जखमी आणि मेलेली कासवं किनाऱ्याला लागतात, बऱ्याचदा समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्याच्या तुकड्यात गुरफटलेली. जिवंत असेल तर परत पाण्यात ढकलू नका. दमलेलं कासव बुडून मरतं, ते हवेत श्वास घेतं. सावली करा, लोकांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. डहाणूला कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे.

मेलेलं असेल तर हात न लावता फोटो: वरून, डोक्याचा, शेपटीचा, शेजारी टेप ठेवून. कवचाच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंचे मोठे खवले मोजा. रिडलेचे बहुधा सहा किंवा जास्त असतात, डावे-उजवे सारखेही नसतात. हिरव्या कासवाचे चार-चार. शेपटी कवचाबाहेर चांगली लांब आली असेल तर तो नर. नर आयुष्यात किनाऱ्यावर येतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे असा नर म्हणजे तुमच्या वहीतलं दुर्मीळ पान. पुढच्या हातांवर संशोधकांनी ओळखीसाठी लावलेला धातूचा बिल्ला आहे का ते आवर्जून पाहा आणि नंबर फोटोसकट कळवा.

एका बिल्ल्याने काय होतं? ओडिशात २०२१ साली ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या कासवांचा एकमेकींशी संबंध नाही असं आपण धरून चाललो होतो. ही बाई सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून इथे आली. त्याआधी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीला आणि २०२३ मध्ये गुहागरला ‘बागेश्री’ला उपग्रहाचा टॅग लावला होता, आणि बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. पण गुहागरच्या त्या रात्री उपयोगी पडला तो बॅटरी न लागणारा धातूचा तुकडा, आणि तो वाचणारा माणूस.

घरट्याचं नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. जीपीएस असलेला फोटोही नको.

हंगाम संपल्यावर

जूनमध्ये वही कॉम्प्युटरवर चढवा. प्रत्येक पहाट एक ओळ. फेरी चुकली असेल तर ‘फेरी नाही’, फेरी झाली आणि काही नव्हतं तर ‘०’. या दोन गोष्टी एकत्र केल्या की वर्षाची मेहनत वाया.

सतीश भास्करांबद्दल जमेल तिथून वाचा. १९७७ पासून त्यांनी कासवांची घरटी शोधत देशाचा चार हजार किलोमीटरहून जास्त किनारा पायी पालथा घातला. १९८२ चा पावसाळा लक्षद्वीपच्या एका निर्मनुष्य बेटावर एकट्याने काढला, आणि तिथून बायकोला लिहिलेली चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात सोडली. श्रीलंकेच्या एका कोळ्याला ती सापडली आणि त्याने ती मद्रासला पोस्टाने पाठवली. तुमच्या पुळणीला निदान एसटी येते.

पुढचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, जरी गावात सगळे म्हणाले की कासव डिसेंबराशिवाय येत नाही. माझ्या वहीत त्या महिन्याची पानंच्या पानं शून्यांची आहेत. पण यंदा पहिलं कासव लवकर आलं की उशिरा, हा वाद चहाच्या टपरीवर निघाला की काका माझ्याकडे बघतात, आणि मी पिशवीतून तीच पानं काढतो.